पोस्टग्रेस १६ चं पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड: फंक्शन झकास, डॉक्युमेंटेशन कंजूष

मशीद बंदरच्या एका घाऊक किराणावाल्याचे मेहताजी फोनवर एकच पालुपद लावून होते, “साहेब, मेळ बसत नाय.” फाइलमधल्या ओळी जास्त, आमच्या ‘बरोबर’ आणि ‘चूक’ या दोन टेबलांत मिळून कमी. एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही.

या ओळी वेगळ्या करायला आम्ही पोस्टग्रेस डेटाबेसचं पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड वापरतो; दिलेला मजकूर हव्या त्या टाइपमध्ये (आकडा, तारीख वगैरे) बसतो का, ते हे फंक्शन सांगतं. तसं फंक्शनबद्दल माझी तक्रार नव्हतीच. आधी ओळीओळीला एक्सेप्शन ब्लॉक (एरर आली तर ती पकडणारा कोड) लावायचो. प्रत्येक ब्लॉकमागे एक सबट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शनच्या पोटातलं ट्रान्झॅक्शन), त्यामुळे भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर रात्रीचं लोडिंग रखडायचं आणि वर बिल. आता न्यूमेरिकच्या (आकड्यांच्या) रकान्यात कोणी ‘बारा पोती’ लिहिलं किंवा देवनागरी आकडे टाकले तरी हे मुकाट फॉल्स देतं, ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र चाललेलं सगळं काम, पडत नाही. जोडीचं पीजी_इनपुट_एरर_इन्फो मेसेज, हिंट, एररकोड सगळं देतं. फुकटात अजून काय पाहिजे?

पण डॉक्युमेंटेशन! तिथे लिहिलंय, ट्रू किंवा फॉल्स मिळेल. नल (म्हणजे ‘माहितीच नाही’ अशी खूण) दिला तर नलच मिळतो, ते कोण सांगणार? सीएसव्हीतले (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलमधले) रिकामे सेल ‘कॉपी’ कमांडने टेबलात भरताना आपोआप नल होतात. मग ते ‘व्हॅलिड’च्या अटीत बसत नाहीत आणि ‘नॉट व्हॅलिड’च्याही नाहीत, कारण नॉट लावला तरी नल तो नलच. झाल्या ओळी त्रिशंकू. ‘नॉट’च्या जागी ‘इज नॉट ट्रू’ लिहिलं की काम होतं. एवढं एक वाक्य छापायला काय पैसे पडत होते?

हे लिहिता लिहिता ते पान परत उघडलं आणि राग थोडा उतरला. ज्या टाइपचं इनपुट फंक्शन ‘सॉफ्ट’ एरर (ट्रान्झॅक्शन न पाडता कळवलेली चूक) देत नाही तिथे चुकीच्या मजकुरावर ट्रान्झॅक्शन पडणारच, हे त्यांनी स्वच्छ लिहिलंय. असे टाइप कोणते, ती यादी मात्र तिथे नाही. इंटिजर, न्यूमेरिक, डेट बिनधास्त वापरा.

डेटवरून आठवलं. डेटस्टाइल (तारखेचा क्रम ठरवणारी सेटिंग) मूळ एमडीवायवर, म्हणजे महिना-दिवस-वर्षावर, असेल तर ‘२५/१२/२०२४’ फॉल्स येतं, हिंटही मिळते. ‘०५/०४/२०२४’ मात्र ट्रू, आणि तारीख बसते ४ मे. हा दोष फंक्शनचा नाही. डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) करून टाका.

पाचपैकी साडेतीन तारे, कापलेले सगळे नलच्या खात्यात. १५ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर हे फंक्शनच नाही, तिथे एक्सेप्शन ब्लॉकवरच भागवा.