मकरपुऱ्यात मिळणारा आयपी ६७ डबा: डबा बरा, सील बदला

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या दुकानांत सर्रास मिळणारा २०० × १५० मिमीचा हा पॉलिकार्बोनेट (कडक प्लास्टिकचा) डबा, उघड्यावरच्या विजेच्या जोडण्यांसाठी. आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देण्याचा दर्जा. भिंती जाड, स्क्रू स्टेनलेस आणि सीलच्या रेषेबाहेर. इथवर पैसे वसूल.

घोळ सीलच्या खाचेत आहे. सोबतची सीलची रबरी दोरी ३ मिमी जाड, खाच मात्र २.८ मिमी खोल, म्हणजे दोरी दबते जेमतेम ७ टक्के. असा दाब २० ते ३० टक्के हवा. खाच २.२५ मिमी खोल, ४ मिमी रुंद असती तर २५ टक्के दाब मिळून ती ७९ टक्केच भरली असती. रबर दबत नाही, पसरतं, त्याला ती जागा लागते. आता उपाय ३.५ मिमी दोरीचा, पण खाच आधी मोजा. दोरी ईपीडीएम रबराची घ्या, नायट्राइल रबर उन्हात तडकतं. ईपीडीएमला पेट्रोलियम ग्रीस लावलंत तर रबर फुगेल, सिलिकॉन ग्रीस चालतं. जोड तिरपा कापा, कोपऱ्यात नको. स्क्रू समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा.

दांडिया बाजारातल्या गच्चीवर डबा ६० अंशांपर्यंत तापला आणि सरीने २५ वर आला, तर आतल्या हवेचा दाब दहा टक्क्यांनी उतरतो. ही एक मीटर पाण्याइतकी ओढ, सीलमधून पाणी आत खेचणारी! म्हणून खालच्या अंगाला पीटीएफई (टेफ्लॉन) पडद्याचा व्हेंट, म्हणजे हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं छिद्र, बसवाच.

आणि केबल आत घेणाऱ्या गोल ग्लँडमध्ये बोअरच्या पंपाची चपटी केबल? गळणारच.