बडोद्यातील रात्रभराची झोप-तपासणी : अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णासाठी कितपत उपयोगी?

अलकापुरीतील एका खासगी रुग्णालयाच्या निद्राविकार विभागात माझ्या काकांची तपासणी झाली. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पायांत उतरणारी कळ न थांबल्यामुळे ते कित्येक वर्षे ट्रामाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक घेत होते आणि अलीकडे त्यांना त्याच वर्गातील बुप्रेनॉर्फिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) सुरू झाला आहे. दीर्घकाळ अशी औषधे घेणाऱ्यांच्या दृष्टीनेच हा अभिप्राय लिहीत आहे. केवळ घोरण्यासाठी जाणाऱ्यांना यातले बरेच गैरलागू वाटेल.

पहिली उणीव नोंदणीच्या टेबलावरच जाणवते. झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराचा, म्हणजे श्वासरोधाचा (स्लीप अ‍ॅप्निया) धोका चाचपण्यासाठी तेथे भरून घेतात ती ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली सर्वत्र प्रचलित आहे. घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग हे तिचे आठ मुद्दे. वेदनाशामकांबद्दल मात्र एकही प्रश्न नाही. काका सडपातळ आहेत आणि घोरत नाहीत. काकूंनी रात्री त्यांचा श्वास मध्येच थांबल्याचे पाहिले नसते, तर कागदावर त्यांच्याबद्दल कोणालाही फारशी काळजी वाटली नसती.

नेहमीच्या श्वासरोधात घसा मिटतो, पण छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी धडपडत राहतात. अफूवर्गीय औषधांमुळे होणारा प्रकार पुष्कळदा वेगळा असतो. ही औषधे मेंदूच्या तळाशी, श्वासाची लय ठरवणाऱ्या पेशींवरही काम करतात. त्यामुळे श्वास घेण्याची आज्ञाच सुटत नाही आणि छाती स्वस्थ पडून राहते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशी औषधे नियमित घेणाऱ्या 140 वेदनारुग्णांपैकी 75 टक्क्यांच्या झोपेत श्वासाचा बिघाड आढळला होता आणि 24 टक्क्यांत तो या दुसऱ्या, म्हणजे सेंट्रल प्रकारचा होता. झोपेच्या गोळ्यांची किंवा प्रीगाबालिन या नसांच्या वेदनेवरील औषधाची जोड मिळाली, तर धोका आणखी वाढतो. आणि कंबरदुखीच्या चिठ्ठीवर प्रीगाबालिन किती सहज लिहिले जाते, हे आपल्याकडे निराळे सांगायला नको.

म्हणूनच ‘घरबसल्या तपासणी’ची जाहिरात अशा रुग्णाने बाजूला ठेवावी. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन उतरल्याचे कळते. तो घशामुळे उतरला की मेंदूमुळे, हे कळत नाही. अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकाळ अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांसाठी घरच्या तपासणीऐवजी प्रयोगशाळेतील पूर्ण तपासणीच सुचवली आहे. येथे खर्च बराच अधिक येतो, हे खरे. पण डोक्यावरचे मेंदूलहरींचे संवेदक, नाकाजवळची नळी, छाती-पोटावरचे पट्टे आणि रात्रभर पडद्यासमोर बसलेला तंत्रज्ञ यांसाठी तो मला योग्य वाटला.

हा तंत्रज्ञ म्हणजे या विभागाची सर्वांत जमेची बाजू. त्याने काकांच्या सर्व औषधांच्या वेळा विचारून लिहून घेतल्या आणि पॅच काढू नका, रात्रीची गोळीही नेहमीच्याच वेळी घ्या, असे गुजरातीत नीट समजावले. तपासणीच्या भीतीने औषध चुकवले, तर नेहमीची रात्र नोंदलीच जात नाही. पलंग मात्र कंबरदुखीच्या माणसासाठी अजिबात सोयीचा नाही. गुडघ्यांखाली घ्यायला जादा उशी मागावी लागली आणि तारांमुळे कूस बदलणे जिकिरीचे झाले. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा अंदाज देणारा संवेदक येथे नाही, ही उणीव अधिक गंभीर आहे. कारण या औषधांमुळे श्वास न थांबताही उथळ होऊ शकतो.

अहवालाबद्दल माझी स्पष्ट नाराजी आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एकच आकडा होता : तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. तो 15 ते 30 च्या दरम्यान, म्हणजे मध्यम तीव्रतेत होता. त्यांतले सेंट्रल किती, हे आतल्या तक्त्यात शोधावे लागले आणि तंत्रज्ञाने एवढ्या काळजीने लिहून घेतलेल्या औषधांचा उल्लेख कोठेच नव्हता. त्याहून खटकले ते असे, की डॉक्टरांची भेट होण्यापूर्वीच बाहेरच्या टेबलावरून सीपॅप यंत्राचे माहितीपत्रक हाती ठेवले गेले. सीपॅप हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवते. मेंदूची आज्ञाच नसेल, तर ते पुरे पडेलच असे नाही आणि काही रुग्णांत त्यावर सेंट्रल विराम तसेच चालू राहतात.

डॉक्टरांनी मात्र ही घाई केली नाही. त्यांनी तक्ता समोर ठेवून दोन्ही प्रकार वेगळे दाखवले, औषध एकाएकी बंद न करण्याची ताकीद दिली आणि मात्रा हळूहळू उतरवता येईल का, हे विचारण्यासाठी वेदनातज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. सीपॅप लावून आणखी एक रात्र नोंद घ्यावी आणि त्यावरही विराम राहिले, तर श्वासागणिक आधार बदलणाऱ्या एएसव्ही यंत्राचा विचार करावा, असे त्यांचे मत पडले. तत्पूर्वी त्यांनी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणायला सांगितले. कारण हृदयाची पंप करण्याची क्षमता 45 टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या हृदयविकाराच्या रुग्णांत एएसव्हीमुळे मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे 2015 मधील एका मोठ्या चाचणीत दिसले होते. दुसऱ्या रात्रीची वेळ आम्ही येथेच घेतली आहे.