दोन टोकं पाहिली आणि तीनशे डॉलर मोजले

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून मला अमेरिकन निकेलचा, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याचा, नाद लागलाय. स्वस्तातला नाद आहे, असं बायकोला सांगत आलो होतो.

राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा चेहरा असलेल्या जेफरसन निकेलमध्ये 1950च्या डेन्व्हर टांकसाळीच्या नाण्याला मोठा मान. त्यावर डेन्व्हरची खूण म्हणून ‘डी’ असतो. चलनासाठी पाडलेल्या जेफरसन निकेलांत सगळ्यात कमी तीच, फक्त 26,30,030. लोकांना हे तेव्हाच कळलं आणि त्यांनी कागदात गुंडाळलेल्या नाण्यांचे रोलच्या रोल दडवून ठेवले. 1964च्या सुमारास चाळीस नाण्यांचा रोल हजार डॉलरच्या पुढे गेला होता, मग भाव कोसळला. त्यामुळे आजही कुणाच्या आजोबांच्या कपाटात न फोडलेला रोल निघू शकतो. थाप पचली ती म्हणूनच.

रविवारच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या टेबलावर तो रोल दिसला. पिवळट कागद, टोकं घट्ट दुमडलेली. एका टोकाला जेफरसनचा चेहरा आणि 1950. दुसऱ्या टोकाला मॉन्टिसेलो, म्हणजे जेफरसनच्या घराची इमारत आणि तिच्या उजवीकडे बारीकसा ‘डी’. "फोडू नका हं, फोडलात की किंमत गेली," असं त्याने दोनदा बजावलं.

मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. याच राज्यात हेनिंग नावाच्या माणसाने 1950च्या दशकात खोटी निकेल पाडली होती. युद्धकाळातल्या 1944च्या नाण्यावर इमारतीच्या घुमटावर फिलाडेल्फिया टांकसाळीचा मोठा ‘पी’ हवा, तोच तो विसरला. त्याची नाणी भरायची 5.4 ग्रॅमच्या आसपास, खरं निकेल 5 ग्रॅमचं. हे सगळं पाठ असल्यामुळे मी ऐटीत खिशातला छोटा वजनकाटा काढला. 200 ग्रॅम आणि वर थोडंसं कागदाचं. झालं! तीनशे डॉलर रोख दिले, पावतीसुद्धा मागितली नाही.

दीड वर्षाने एक जुने संग्राहक घरी जेवायला आले. त्यांनी रोल इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि विचारलं, "या डीचं साल कुठाय? आणि या 1950चा डी?"

माझा घास हातातच राहिला. त्या काळी साल छाप्यावर असायचं आणि टांकसाळीची खूण काट्यावर. ती खूण पुढच्या बाजूला आली 1968 साली. म्हणजे 1950-डीचं एक अख्खं नाणंही मी पाहिलेलं नव्हतं. दोन वेगळ्या नाण्यांच्या दोन अर्ध्या बाजू पाहिल्या होत्या.

जेवणाच्या टेबलावरच रोल फोडला. 1950वालं उलटलं, मागे खूणच नाही. म्हणजे फिलाडेल्फियाचं; युद्धकाळ सोडला तर तिथल्या निकेलवर तेव्हा खूण नसायची. डीवालं सुलटं केलं, तर 1962. मधली बहुतेक 1964ची, काळवंडलेली, एकाला वाळलेलं च्युइंगगम. 1964ची निकेल 280 कोटींहून जास्त पाडलीत. वजन मात्र चोख, कारण नाणी सगळी खरीच!

असे जुन्या धाटणीचे कोरे कागद आणि टोकं दुमडायचं यंत्र, दोन्ही कुणालाही विकत मिळतं. तेव्हा बंद रोल घेऊच नका. पारदर्शक नळीतली नाणी मागा, टेबलावर ओता आणि एकेक उलटून साल आणि खूण एकाच नाण्यावर बघा. विकणारा नको म्हणाला, तर पुढच्या टेबलाकडे वळा.

म्हातारा पुन्हा दिसला नाही. 1950चं तेवढं नाणं मी ठेवलंय. बाकीची एकोणचाळीस मुलगा पार्किंगच्या मीटरमध्ये टाकतोय.