एसआर-आयओव्ही नेटवर्क ऑपरेटर: नोडवरचे काम चोख, कार्डाची माहिती मात्र आपलीच हवी

ज्यांच्या कुबरनेटीस क्लस्टरमधील (कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरांच्या समूहातील) पॉडना, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या संचांना, मध्ये कोणताही सॉफ्टवेअर स्विच न येता थेट नेटवर्क कार्डाचा वेग हवा आहे, त्यांच्यासाठी एसआर-आयओव्ही नेटवर्क ऑपरेटर (क्लस्टरमध्ये राहून कार्डांची मांडणी आपोआप करणारे सॉफ्टवेअर) हे आज उपलब्ध असलेले सर्वांत भरवशाचे मुक्त साधन आहे, असे माझे मत आहे. मात्र कार्ड, फर्मवेअर आणि बायोस यांची जाण नसली तरी काम भागेल, या अपेक्षेने ते बसवणाऱ्याची निराशा होईल. रेड हॅटने ओपनशिफ्ट या आपल्या कुबरनेटीसवर आधारित उत्पादनासाठी सुरू केलेला हा प्रकल्प आता कुबरनेटीसच्या नेटवर्क प्लंबिंग गटाकडे असून साध्या कुबरनेटीसवरही तो हेल्म या पॅकेज साधनाद्वारे बसवता येतो. एपीआय गटाच्या नावात 'ओपनशिफ्ट' अजून तसेच राहिले आहे, त्यामुळे ओपनशिफ्टशी काडीचाही संबंध नसलेल्या क्लस्टरवरही मांडणीच्या प्रत्येक वायएएमएल फाइलच्या आरंभी ते नाव दिसते. त्याने बिघडत काही नाही, पण नवख्याचा गोंधळ हमखास उडतो.

हे साधन नेमके काय वाचवते, ते कळण्यासाठी हाताने करावे लागणारे काम आठवावे. एसआर-आयओव्ही हे एका कार्डाची अनेक आभासी कार्डे करून देणारे, पीसीआय-सिग या संस्थेचे मानक. त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. कार्डाचे मूळ रूप म्हणजे फिजिकल फंक्शन, आणि त्यातून निघणारी हलकी रूपे म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन, रोजच्या बोलण्यातले पीएफ आणि व्हीएफ. लिनक्समध्ये सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइलव्यवस्थेतील एका फाइलीत संख्या लिहिली की तेवढे व्हीएफ तयार होतात. एका सर्व्हरवर हे काम मिनिटाभराचे आहे. पण सर्व्हर रीबूट झाला की व्हीएफ नाहीसे होतात, त्यांना योग्य ड्रायव्हर बांधावा लागतो, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) लावावा लागतो, डिव्हाइस प्लगइनला (हार्डवेअर कुबरनेटीसला दाखवणाऱ्या घटकाला) त्यांची यादी द्यावी लागते, आणि हे सर्व प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधील प्रत्येक सर्व्हरवर, तंतोतंत सारखे ठेवावे लागते. स्क्रिप्ट आणि सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिट फाइली यांच्या आधारावर उभे असलेले असे क्लस्टर काही काळ चालतात, आणि मग एखाद्या नोडवर पोर्टचे नाव वेगळे निघते.

ऑपरेटर हे सारे एका नोड पॉलिसीत आणतो. कोणते नोड, त्यावरील कोणते पोर्ट, किती व्हीएफ, कोणता ड्रायव्हर आणि पॉडला कोणत्या नावाने ते मागता येतील, इतके तिच्यात लिहायचे. प्रत्येक नोडवर चालणारा कॉन्फिग डीमन त्यानुसार कार्डाची मांडणी करतो, आणि त्या नोडची अपेक्षित व प्रत्यक्ष स्थिती नोड स्टेट या वस्तूत नोंदवतो. पोर्टच्या नावापुढे क्रमांकांची व्याप्ती लिहून एकाच पीएफचे व्हीएफ निरनिराळ्या पॉलिसींत वाटून देण्याची सोय मला विशेष आवडली, कारण काही व्हीएफ कर्नलच्या ड्रायव्हरकडे आणि उरलेले डीपीडीकेकडे (कर्नल टाळून अनुप्रयोगातूनच पॅकेट हाताळणाऱ्या लायब्ररीकडे), अशी वाटणी टेलिकॉमच्या कामात वारंवार लागते. तिची एक अट लक्षात ठेवावी लागते: त्या पोर्टच्या सर्व पॉलिसींत व्हीएफची एकूण संख्या सारखीच लिहायची असते, आपल्या वाट्याची नव्हे. पॉलिसीच्या प्राधान्याचा आकडा ० ते ९९ यांमधील असून लहान आकडा वरचढ ठरतो. पॉड ज्या नावाने व्हीएफ मागतो त्या संसाधनाच्या नावात आडवी रेघ चालत नाही, फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेखा चालतात. कुबरनेटीसमध्ये इतरत्र सगळीकडे आडव्या रेघेचीच सवय झालेली असल्याने ही अट बोटांना जाचते.

ज्या गोष्टीवरून या ऑपरेटरला सर्वाधिक बोल लावले जातात ती म्हणजे नोड रिकामा करण्याची त्याची सवय. वापरात असलेल्या पोर्टवरील व्हीएफची संख्या बदलली की तो नोडवरील पॉड हलवतो, आणि प्रसंगी नोड रीबूटही करतो. हा दोष खरे तर कर्नलच्या नियमाचा आहे: आठ व्हीएफ असलेल्या पोर्टवर थेट सोळा लिहिता येत नाहीत, आधी शून्यावर यावे लागते, आणि शून्यावर येणे म्हणजे चालू पॉडच्या पायाखालून त्यांचे नेटवर्क काढून घेणे. अशा वेळी पॉड आधीच सन्मानाने हलवणे हेच योग्य, आणि ऑपरेटर ते नीट करतो. ओपनशिफ्टवर तर दोन बाजूंनी एकाच वेळी रीबूट ओढवू नये म्हणून तो त्या काळापुरता मशीन कॉन्फिग पूलही (ज्यातील नोडांची मांडणी ओपनशिफ्ट स्वतः बदलते आणि त्यांना रीबूट करते, तो गट) थांबवून ठेवतो. एरवी एका वेळी एकच नोड हाती घेतला जातो, त्यामुळे मोठ्या क्लस्टरवर साधा बदलही रेंगाळतो. नव्या आवृत्त्यांत नोडांचे गट पाडून प्रत्येक गटात एका वेळी किती नोड बाजूला काढायचे ते ठरवता येते, आणि ही सुविधा यायला हवी होती त्यापेक्षा बरीच उशिरा आली. एकाच नोडच्या क्लस्टरवर पॉड हलवायला जागाच नसते, म्हणून तिथे ड्रेन, म्हणजे नोड रिकामा करणे, बंद करण्याची मुभा आहे. एखाद्या अनुप्रयोगाचे डिसरप्शन बजेट (एका वेळी किती पॉड बंद असलेले चालतील याची मर्यादा) पॉड हलवूच देत नसेल, तर मात्र बदल तिथेच अडून बसतो आणि ऑपरेटर शांतपणे वाट पाहत राहतो. या कारणांमुळे व्हीएफची संख्या पहिल्याच दिवशी थोडी सढळ हाताने ठरवावी, हा माझा आग्रह आहे.

कार्डांच्या बाबतीत ऑपरेटरचे आवरण पातळ आहे. इंटेलच्या कार्डावर डीपीडीके चालवायचे असेल तर व्हीएफ व्हीएफआयओ-पीसीआय या ड्रायव्हरला बांधावे लागतात, त्यासाठी आयओएमएमयू (उपकरणांचा मेमरीतील प्रवेश नियंत्रित करणारी यंत्रणा) चालू असावे लागते, आणि ते चालू करणाऱ्या कर्नलच्या सूचना ऑपरेटर स्वतः घालून नोड रीबूट करतो. मेलॅनॉक्सच्या, म्हणजे आता एनव्हिडियाच्या, कार्डावर तेच डीपीडीके कर्नलच्या ड्रायव्हरसोबतच चालते. तिथे पॉलिसीत साधा नेटडिव्हाइस हा प्रकार ठेवून आरडीएमए (कार्डाचा मेमरीत थेट प्रवेश) चालू करायचे असते. इंटेलसाठी लिहिलेली पॉलिसी उचलून फक्त विक्रेत्याचा क्रमांक ८०८६ वरून १५बी३ केला, तर व्हीएफ तयार होतील, नोड स्टेटही यशस्वी दाखवेल, आणि अनुप्रयोगाला मात्र चालवता येईल असे पोर्ट मिळणार नाही. मेलॅनॉक्सच्या कार्डात व्हीएफची कमाल संख्या फर्मवेअरमध्ये नोंदलेली असते. ऑपरेटर तीही बदलू पाहतो, पण सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी व्यवस्था) चालू असलेल्या सर्व्हरवर ते जमत नाही, म्हणून तिथे त्याचे मेलॅनॉक्स प्लगइन बंद करून फर्मवेअरची मांडणी आधीच करून ठेवावी लागते. बायोसमधील व्हीटी-डी (इंटेलचे आयओएमएमयू) आणि एसआर-आयओव्ही चालू-बंद करण्याचे पर्याय तर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

पॉडपर्यंत व्हीएफ पोहोचवण्याचा भाग सुटसुटीत आहे. एसआर-आयओव्ही नेटवर्क या वस्तूत व्हीलॅन, स्पूफ तपासणी (खोटा पत्ता रोखणारी), ट्रस्ट (व्हीएफला जादा अधिकार) आणि आयपी देण्याची पद्धत लिहिली की मल्टसला (पॉडला एकाहून अधिक नेटवर्क जोडणाऱ्या प्लगइनला) लागणारी व्याख्या आपोआप तयार होते, आणि पॉडवर एक ॲनोटेशन, म्हणजे नोंद, लावले की ऑपरेटरचा इंजेक्टर त्यात संसाधनाची मागणीही भरून देतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: या मार्गाने जाणाऱ्या रहदारीला क्लस्टरच्या नेहमीच्या नेटवर्क पॉलिसी (रहदारीचे नियम) आणि सर्व्हिस (पॉडांच्या गटाला मिळणारा स्थिर पत्ता) लागू होत नाहीत. हा ऑपरेटरचा दोष नाही, पण सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सहकाऱ्याला हे आधीच सांगितलेले बरे.

चूक शोधताना या साधनाचे बलस्थान आणि उणीव दोन्ही दिसतात. कार्डाच्या क्षमतेपेक्षा जास्त व्हीएफ मागणारी किंवा मान्यताप्राप्त यादीत नसलेले कार्ड निवडणारी पॉलिसी वेबहुक (क्लस्टरमध्ये येणाऱ्या वस्तू तपासणारा घटक) दारातच परत पाठवतो. नोड स्टेटमध्ये प्रत्येक पोर्टचा ड्रायव्हर, एमटीयू, पीसीआय पत्ता आणि व्हीएफ यांची यादी मिळते. समस्येच्या वेळी मी प्रथम तिथेच पाहतो. परंतु एखादी पॉलिसी कोणकोणत्या नोडवर उतरली आणि कुठे अडकली, हे पॉलिसीकडे पाहून कळत नाही, त्यासाठी एकेका नोडची स्थिती चाळावी लागते. पॉड पेंडिंग राहिल्यावर मिळणारा 'संसाधन अपुरे' हा संदेशही तितकाच मोघम आहे: व्हीएफ संपले, प्लगइन सुरूच झाले नाही की नावात चूक आहे, ते ज्याचे त्याने शोधायचे. एनयूएमए जुळवणीची (सीपीयू आणि कार्ड एकाच सॉकेटवर असण्याची) कडक अट लावली असेल तर आणखी एक पेच उभा राहतो, कारण शेड्यूलरला (पॉडसाठी नोड निवडणाऱ्या घटकाला) व्हीएफ कोणत्या सॉकेटला जोडलेला आहे हे ठाऊक नसते. तो पॉड नोडवर पाठवतो आणि त्या नोडवर पॉड चालवणारा क्युबलेट तो नाकारतो.

पाच-सात सर्व्हर आणि वर्षानुवर्षे न बदलणारी मांडणी असेल, तर मी एवढा पसारा मांडणार नाही. एखादे सिस्टमडी युनिट, डिव्हाइस प्लगइन आणि मल्टस पुरेसे होतात. ५जीच्या यूपीएफसारखी (ग्राहकांची रहदारी वाहणाऱ्या घटकासारखी) कामे अनेक ठिकाणच्या क्लस्टरवर चालवणाऱ्यांनी मात्र स्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या नोडवर व्हीएफ आधीपासून दुसऱ्या व्यवस्थेने तयार होतात, त्यांच्यासाठी 'बाहेरून व्यवस्थापित' हा पर्याय पॉलिसीत आहे. तो लावला की ऑपरेटर त्या व्हीएफची संख्या बदलत नाही, आणि पॉलिसी काढून टाकल्यावर ती शून्यावरही आणत नाही. यजमानाचे स्वतःचे नेटवर्कच एखाद्या व्हीएफवर उभे असेल, तर हा पर्याय लावल्याशिवाय पॉलिसी पुढे पाठवू नये. कुबरनेटीस १.३४ मध्ये डायनॅमिक रिसोर्स ॲलोकेशन स्थिर झाल्यामुळे व्हीएफ नुसत्या संख्येने न मागता गुणधर्मांवरून मागण्याचा मार्ग खुला झाला आहे, पण कार्डावर ते व्हीएफ कापून काढण्याचे काम तेव्हाही कोणाला तरी करावेच लागेल, आणि ते काम हा ऑपरेटर आज चांगले करतो.