बीआरसीजीएस की एफएसएससी: पॅकेजिंग कारखान्याने कोणतं ऑडिट निवडावं?

खाद्यपदार्थांसाठी पाऊच, लेबल किंवा कार्टन बनवणाऱ्या कारखान्यापुढे अन्नसुरक्षेच्या दोन प्रमाणपत्रांची नावं हमखास येतात: ब्रिटिश किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेतून आलेलं बीआरसीजीएस आणि आयएसओवर आधारलेलं एफएसएससी २२०००. दोन्ही जीएफएसआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्रमाणपत्रांना मान्यता देणाऱ्या जागतिक उपक्रमाच्या, चौकटीतली आहेत आणि दोन्हींचे नियम अलीकडच्या वर्षांत बदललेत. बीआरसीजीएस पॅकेजिंगची सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि एप्रिल २०२५ पासून तिच्यानुसार ऑडिट सुरू झाली. एफएसएससी २२००० च्या सहाव्या आवृत्तीची ऑडिट १ एप्रिल २०२४ पासून सुरू झाली.

बीआरसीजीएस काय हवं ते कलमवार सांगतं. ऑडिटनंतर एए ते डी अशी ग्रेड मिळते. ग्रेड सी किंवा डीपर्यंत खाली गेली की सहा महिन्यांत पुन्हा ऑडिट आणि पुन्हा खर्च. एफएसएससीत ग्रेड नाही. तिथे आयएसओ २२००० या अन्नसुरक्षा व्यवस्थापनाच्या मानकाचा सांगाडा असतो, धोक्यांचं विश्लेषण तुम्ही स्वतः करायचं आणि नियंत्रणं कशी ठरवली ते पटवून द्यायचं. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, दरवर्षी ऑडिट, त्यातलं किमान एक न सांगता.

आधीच आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक नीट चालवणाऱ्याला एफएसएससी सोपं जातं, कारण दस्तऐवज, अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा यांची सवय असते. ती सवय नसलेल्या, पन्नास-साठ माणसांच्या छपाई कारखान्याला मी बीआरसीजीएसच सुचवेन. त्यातली स्पष्ट कलमं सुपरवायझरला थेट वापरता येतात. माल ब्रिटनच्या सुपरमार्केटकडे जात असेल, तर प्रश्नच उरत नाही. तरीही कोणतं प्रमाणपत्र चालेल, याचं आधी ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

खरी कसोटी छपाईची आहे, आणि तिथे दोन्ही मानकं सारखीच कडक आहेत. शेंगदाणे असलेल्या आणि नसलेल्या चिक्कीचे पाऊच एकाच रंगसंगतीत, एकाच दिवशी छापले जातात. स्लिटिंगवर, म्हणजे छापलेलं रीळ कापून अरुंद करण्याच्या मशीनवर, रीळ जोडताना जुन्या जॉबचे चार मीटर शिरले, तर अॅलर्जी असलेल्या मुलाच्या हातात चुकीचं पाकीट जातं. म्हणून जॉब बदलताना लाइन क्लिअरन्सची, म्हणजे जुन्या जॉबचं काही मशीनवर उरलं नाही याची, सही दोघांची हवी, जुने सिलिंडर आणि प्लेट वेगळ्या कुलपात हव्यात, आर्टवर्कची रद्द झालेली आवृत्ती मशीनजवळ दिसता कामा नये. ऑडिटर हे कागदावर पाहून थांबत नाही, तो ऑपरेटरला विचारतो. सुरक्षा संस्कृतीचं कलम दोन्हींत आहे, त्यामुळे ‘साहेबांना माहीत’ हे उत्तर महागात पडतं.

तुटलेल्या ब्लेडचे तुकडे जुळवून नोंद ठेवणं, शाई आणि चिकट द्रव्यांचे पुरवठादारांचे दाखले, एका रिळाचा कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतचा माग, ही तयारी दोन्हीकडे लागतेच. प्लॅस्टिकमधले घटक अन्नात किती उतरतात ते पाहणारी मायग्रेशन चाचणी भारतात आयएस ९८४५ या मानकानुसार असते आणि एकूण मर्यादा ६० मिलिग्रॅम प्रति किलो किंवा १० मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर आहे. नमुने ऑडिटची तारीख घेण्याआधीच प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल आला नसेल, तर त्या जागी दाखवायला दुसरं काही नसतं.