रिॲक्ट शिकायचंय? आधी रिॲक्ट डॉट डेव्हवरचं 'लर्न' करा, फी भरायचं नंतर बघा

रिॲक्ट म्हणजे वेबपेजवर दिसणारा भाग बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. ते शिकायला मी एका क्लासला 18 हजार भरले होते. तीन महिने, शनिवार-रविवार, आणि त्यातला अर्धा वेळ क्लास कंपोनंट (पानाचा एकेक तुकडा, म्हणजे कंपोनंट, लिहायची जुनी पद्धत), कन्स्ट्रक्टर, धिस डॉट सेटस्टेट, कंपोनंटडिडमाउंट यातच गेला. हे 2024 मध्ये बरं का. हुक्स, म्हणजे साध्या फंक्शनमध्येच स्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेली माहिती) वगैरे वापरायची नवी पद्धत, आले 2019 च्या फेब्रुवारीत, 16.8 व्हर्जनला, म्हणजे पाच वर्षं झाली होती तरी आमची सुरुवात जुन्यापासून. ते कोड अजून चालतं, जुन्या प्रोजेक्टमध्ये दिसतंही, पण नवशिक्याला आधी तेच कशाला? पहिल्या इंटरव्ह्यूला समोरच्यांनी यूजस्टेट (स्टेट ठेवायचं हुक) वापरून एक साधा फॉर्म करा म्हणलं आणि मला दोन ओळी पण लिहिता आल्या नाहीत. घरी येऊन रडले, खरंच सांगते.

मग ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं की अगं रिॲक्टवाल्यांचं स्वतःचंच डॉक्युमेंटेशन वाच, फुकट आहे, लॉगिनपण नाही. रिॲक्ट डॉट डेव्ह ही साइट 2023 च्या मार्चमध्ये आली आणि तिच्यात पहिल्या पानापासून सगळं फंक्शन कंपोनंट आणि हुक्सवरच आहे. मी रोज रात्री जेवणं आवरली की दीड तास बसायचे, 'लर्न'चा सगळा भाग करायला पाच-सहा आठवडे लागले.

सुरुवातीला फुली-गोळ्याचा गेम करून घेतात. मला वाटलं पोरखेळ आहे, सोडून देऊ, पण सोडू नका. नऊ घरांचा एक ॲरे (यादी) असतो आणि दर चालीला तो ॲरे तसाच बदलायचा नाही, स्लाइसने त्याची कॉपी काढायची आणि कॉपीत फुली टाकायची. क्लासमध्ये आम्हाला 'स्टेट म्युटेट करायचं नाही' एवढं पाठ करून घेतलं होतं, का ते कुणी सांगितलं नव्हतं. इथे शेवटी मागच्या चालींवर परत जायचं बटण करायला लावतात आणि तेव्हा दिसतं की जुने ॲरे न मोडता ठेवले म्हणूनच मागे जाता येतंय. त्या दिवशी मी ते बटण दहा-पंधरा वेळा दाबलं असेल, इतकं बरं वाटलं.

पण माझ्यासाठी सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे स्टेट हा स्नॅपशॉट असतो ते. त्यात एक बटण आहे, +3 लिहिलेलं, आणि आत सेटनंबर(नंबर + 1), म्हणजे आकडा एकने वाढव, ही ओळ तीनदा. दाबलं की आकडा 3 व्हायला पाहिजे ना? होतो 1. मी आधी समजले साइटच बिघडली. तर त्याचं असं आहे की त्या एका रेंडरपुरता (स्क्रीन एकदा काढण्यापुरता) नंबर 0 म्हणजे 0च, मधे बदलत नाही, म्हणून तिन्ही ओळी रिॲक्टला एकच गोष्ट सांगतात, पुढच्या वेळी 1 कर. पुढच्या पानावर वेटरचं उदाहरण आहे, तुम्ही पहिली डिश सांगितली की वेटर लगेच किचनकडे पळत नाही, पूर्ण ऑर्डर घेतो मगच जातो, तसं रिॲक्ट सगळे बदल गोळा करून एकदाच रेंडर करतं. आणि खरंच 3 हवे असतील तर सेटनंबर(एन => एन + 1) असं लिहायचं. हे कळल्यावर माझे कितीतरी जुने गोंधळ एकदम सुटले.

बऱ्याच पानांच्या शेवटी चॅलेंजेस असतात. उत्तर तिथेच झाकलेलं असतं, पण आधी वीसेक मिनिटं स्वतः झगडा. पानावरच एडिटर आहे, डावीकडे कोड बदललं की उजवीकडे लगेच दिसतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

शिकता शिकता मी आईच्या बचत गटासाठी एक छोटं ॲप केलं. बारा बायका, दर महिन्याला 200 रुपये, नावासमोर 'भरले'ची टिक, आणि टिकचं स्टेट त्या त्या ओळीच्या कंपोनंटमध्ये. लिस्टला की (key, प्रत्येक ओळीची ओळख) म्हणून मी मॅपमधला इंडेक्स (ओळीचा क्रमांक) दिला होता, सगळे व्हिडिओ तसंच करतात म्हणून. एक काकू गट सोडून गेल्या, त्यांची ओळ डिलीट केली आणि आई म्हणाली अगं, यांनी तर अजून दिलेच नाहीत, टिक कशी काय? झालं असं की गेलेल्या काकूंची टिक त्यांच्या खालच्या बाईंच्या नावासमोर येऊन बसली होती. स्टेट कंपोनंटच्या झाडातल्या जागेला आणि कीला चिकटलेलं असतं हे प्रकरण मी वाचलं होतं पण समजलं ते तेव्हा. प्रत्येकीला स्वतःचा आयडी दिला, तो की म्हणून टाकला, आता ज्याची टिक त्याच्याकडेच. पैशाचा मामला आहे हो, बायकांचा विश्वास असतो त्या वहीवर.

त्याच ॲपमध्ये एकूण जमा रकमेसाठी मी वेगळं स्टेट आणि यूजइफेक्ट (रेंडर झाल्यावर चालणारा हुक) लावला होता. 'यू माइट नॉट नीड ॲन इफेक्ट' या पानाने तो काढायला लावला. कुणी कुणी भरले ते आता वरच्या कंपोनंटच्या स्टेटमध्ये ठेवलंय, रेंडर होतानाच बेरीज होते, संपला विषय. हे पान प्रिंट काढून भिंतीला लावण्यासारखं आहे. कन्सोलमध्ये सगळं दोनदा का छापून येतं तेही कुठेतरी अडवेल तुम्हाला, तर ते स्ट्रिक्ट मोडमुळे, फक्त डेव्हलपमेंटमध्ये होतं, चुका पकडायला मुद्दाम दोनदा चालवतात. घाबरून स्ट्रिक्ट मोड काढून टाकू नका, मी काढलेला आणि मग इफेक्टमधली एक चूक बरेच दिवस लपून राहिली.

आता जे आवडलं नाही ते. इन्स्टॉलेशनचा भाग नवशिक्याला गोंधळात टाकतो, आधीच फ्रेमवर्कची (रिॲक्टवर बांधलेल्या मोठ्या तयार सांगाड्यांची) नावं समोर येतात आणि ज्याला नुसतं बेसिक शिकायचंय त्याला कळतच नाही कुठून सुरू करू. मी साधं व्हीट (Vite, प्रोजेक्ट सुरू करून देणारं टूल) वापरलं, दोन मिनिटात चालू झालं. जुन्या व्हिडिओत क्रिएट रिॲक्ट ॲप सांगतात, ते रिॲक्टच्याच टीमने 2025 च्या फेब्रुवारीत डेप्रिकेट केलंय, म्हणजे नव्या प्रोजेक्टला वापरू नका म्हणून सांगितलंय, त्यात शिरू नका. राउटर (ॲपमध्ये एका पानावरून दुसऱ्यावर जाणं) आणि एपीआयमधून (सर्व्हरकडून) डेटा आणणं याबद्दल इथे फार कमी आहे, त्यासाठी दुसरीकडे जावंच लागतं. मोबाइलवर वाचणं ठीक पण तो एडिटर बोटाने चालवणं म्हणजे वैताग, लॅपटॉप पाहिजेच.

आणि जावास्क्रिप्ट कच्चं असेल तर थांबा. मॅप, फिल्टर, स्प्रेड, डिस्ट्रक्चरिंग, ॲरो फंक्शन एवढं हाताला बसू द्या, दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील, नाहीतर अडाल जावास्क्रिप्टवर आणि नाव घ्याल रिॲक्टचं. इंग्रजी तसं सोपं आहे, मी मराठी मीडियमची, पहिला आठवडा जड गेला मग सवय झाली.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो इन्स्टॉलेशनच्या पानाचा. दुसऱ्या इंटरव्ह्यूला लिस्ट आणि की वरच प्रश्न आला होता, मी बचत गटाचीच गोष्ट सांगितली.