प्रोफेसरने आपल्या रिसर्च लॅबला स्वतःचं आडनाव लावायचं की विषयाचं नाव?

अमेरिकेत बायोलॉजीवाले बहुतेक सरळ आडनावच लावतात, जेनिफर डाउडनांची बर्कलीची डाउडना लॅब, जॉर्ज चर्च यांची हार्वर्डची चर्च लॅब, आणि सोय आहेच त्यात, उद्या विषय बदलला तरी पाटी तीच. पण नवीन प्रोफेसरचं आडनाव कोण ओळखतं हो? पीएचडीसाठी लॅब शोधणाऱ्या पोराला त्यातून काही कळत नाही, आणि पाच-सहा वर्षं राबायचं सगळ्यांनी, नाव मात्र एकाचंच, हे मला पटत नाही.

मला विषयाचंच नाव आवडतं. एमआयटी मीडिया लॅबमधला लाइफलाँग किंडरगार्टन ग्रुप बघा, बालवाडीतल्या पोरांसारखं करून बघत आयुष्यभर शिकायचं हा विचार नावातच आहे, आणि २००७ मध्ये आलेलं स्क्रॅच ह्यांचंच, मुलं खेळता खेळता प्रोग्रामिंग शिकतात ते. फक्त विषय फार बारीक धरू नका, एकाच तंत्राचं नाव लावलं की ते तंत्र मागे पडल्यावर पंचाईत होते.